नव्या लॅपटॉपचे जुनेपण : ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपडेटविषयक निर्णयाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

नवा लॅपटॉप घरी येतो, खोके उघडले जाते, भाषा आणि वेळ निवडून होते आणि पडद्यावर एक सूचना उमटते. अपडेट उपलब्ध आहेत. ते आता घ्यावयाचे की नंतर, एवढाच तो प्रश्न असतो. पुष्कळ जण 'नंतर' हा पर्याय निवडतात. यंत्र नवे आहे, सुरळीत चालले आहे, मग त्याला उगाच हात का लावावा, असा त्यामागील विचार असतो. काहींच्या मनात पूर्वीच्या संगणकाची आठवण ताजी असते. अपडेटनंतर तो मंद झाला, छपाईयंत्र चालेनासे झाले किंवा महत्त्वाच्या कामाच्या वेळी तो अर्धा तास अडून बसला, असा अनुभव गाठीशी असतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलाच हा प्रकार होय.

हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु त्याला स्वतःचा इतिहास आहे. अपडेट कोणी द्यावयाचे, कोणी घ्यावयाचे आणि नाकारण्याचा अधिकार कोणाकडे असावा, या तीन प्रश्नांची उत्तरे गेल्या चार दशकांत अनेकदा बदलली. अपडेट न केल्यामुळे झालेली हानी आणि अपडेट केल्यामुळे झालेली हानी अशा दोन्ही प्रकारच्या घटना या इतिहासात आढळतात. त्यामुळे 'नेहमी करावे' किंवा 'कधीच करू नये' असे सरसकट उत्तर देणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रस्तुत लेखात १९८८ ते २०२५ या कालखंडातील निवडक घटनांच्या आधारे या निर्णयाचा मागोवा घेतला आहे. भर प्रामुख्याने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या ऑपरेटिंग सिस्टीमवर आहे, कारण आपल्याकडील बहुसंख्य लॅपटॉप तिच्यावरच चालतात आणि या विषयातील बहुतेक निर्णायक घटनाही तिच्याच बाबतीत घडल्या आहेत.

१. ठिगळाचा उगम

संगणकाच्या परिभाषेत दुरुस्तीच्या छोट्या भागाला 'पॅच' म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ. आज हा शब्द अलंकारिक वाटतो. मुळात तो शब्दशः खरा होता. सुरुवातीच्या संगणकांना आज्ञा देण्यासाठी भोके पाडलेली कागदी फीत किंवा पत्रे वापरीत. एखादे भोक चुकीच्या जागी पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत. हार्वर्ड मार्क १ (१९४४) या यंत्राच्या जतन करून ठेवलेल्या फितीवर अशी ठिगळे आजही पाहावयास मिळतात. पुढे कागद गेला, ठिगळ मात्र शब्दरूपाने राहिले.

ठिगळाबरोबर त्याविषयीची शंकाही तितकीच जुनी आहे. आयबीएमच्या सिस्टीम/३६० या प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द मिथिकल मॅन-मंथ' या ग्रंथात एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. एक दोष दुरुस्त करताना दुसरा नवा दोष निर्माण होण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते, असे त्यांचे मत होते. म्हणजेच अपडेटला बिचकणारा आजचा सामान्य ग्राहक अडाणीपणाने बिचकतो असे म्हणता येत नाही. त्याची शंका या शास्त्रातील जाणकारांनीच अर्धशतकापूर्वी बोलून दाखविली आहे.

तथापि ब्रुक्स यांच्या काळी संगणक मोठ्या संस्थांमध्ये असत. ठिगळ लावावयाचे की नाही हे तेथील प्रशिक्षित कर्मचारी ठरवीत. चाचणी घेऊन, नोंद करून मगच ते लावीत. न लावले तर बिघाड होई तो त्याच यंत्रापुरता. एका यंत्रातील दोष दुसऱ्या यंत्राच्या नाशास कारण होईल, ही कल्पना तोवर प्रत्यक्षात उतरली नव्हती.

ती उतरली २ नोव्हेंबर १९८८ रोजी. अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने सोडलेला, पुढे 'मॉरिस वर्म' या नावाने ओळखला गेलेला प्रोग्राम युनिक्सवरील संगणकांमधील त्रुटींचा आधार घेत स्वतःच्या प्रती काढीत पसरला. त्या वेळी इंटरनेटला सुमारे ६०,००० संगणक जोडलेले होते. त्यांपैकी सुमारे ६,००० बाधित झाले, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट ही आपत्कालीन प्रतिसाद संस्था स्थापन झाली. शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग आपल्या घरापर्यंत येऊ शकते, हे संगणकांच्या जगाला या घटनेने प्रथम शिकविले.

२. निर्णय घरापर्यंत पोहोचतो

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तोपर्यंत घरगुती संगणकाला अपडेट मिळणे हा अपवादच होता. दुरुस्तीचे प्रोग्राम फ्लॉपीवर किंवा संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडीवर येत. जून १९९८ मध्ये आलेल्या विंडोज ९८ सोबत 'विंडोज अपडेट' ही सोय आली आणि इंटरनेटवरून थेट दुरुस्ती घेणे शक्य झाले. येथे निर्णयाचे स्वरूप बदलले. पूर्वी जो प्रश्न संगणक केंद्रातील तज्ज्ञापुढे असे, तो आता विद्यार्थी, दुकानदार, शिक्षक आणि गृहिणी यांच्यापुढे आला. तज्ज्ञाजवळची चाचणीची साधने मात्र त्यांच्याजवळ आली नाहीत.

तज्ज्ञांच्या हातूनही हा निर्णय नेहमी बिनचूक होत होता असे नाही. १९९९ च्या अखेरीस आलेल्या विंडोज एनटी ४.० च्या सर्व्हिस पॅक ६ मुळे अनेक कार्यालयांत सामान्य वापरकर्त्यांना लोटस नोट्स चालविणे अशक्य झाले आणि थोड्याच दिवसांत '६अ' हा सुधारित संच काढावा लागला. 'पहिली आवृत्ती कधी घेऊ नये, थोडे थांबावे' हा संकेत अशा अनुभवांतून रूढ झाला.

थांबण्याचीही किंमत असते, हे २००१ मध्ये दिसून आले. मायक्रोसॉफ्टने आपल्या वेब सर्व्हरमधील एका त्रुटीवरील पॅच १८ जून २००१ रोजी प्रसिद्ध केला होता. त्यानंतर महिन्याभराने, १९ जुलै रोजी, 'कोड रेड' या वर्मने त्याच त्रुटीचा फायदा घेऊन चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणक बाधित केले. उपाय महिनाभर आधी उपलब्ध होता. तो लावला गेला नव्हता. हीच कथा पुढे अनेकदा घडावयाची होती.

३. कालावधीचा संकोच

पॅच प्रसिद्ध झाल्यापासून हल्ला होईपर्यंतचा काळ हा या इतिहासातील सर्वांत बोलका पुरावा आहे. 'स्लॅमर' हा वर्म २५ जानेवारी २००३ रोजी पसरला; त्यावरील पॅच जुलै २००२ मध्ये आलेला होता. म्हणजे सहा महिन्यांची सवड होती. केवळ ३७६ बाइट आकाराच्या या वर्मने बाधित होऊ शकणाऱ्या संगणकांपैकी सुमारे ९० टक्के संगणक दहा मिनिटांत गाठले. 'ब्लास्टर' ११ ऑगस्ट २००३ रोजी आला; त्यावरील पॅच १६ जुलैचा होता. सवड २६ दिवसांची. 'सॅसर' ३० एप्रिल २००४ रोजी आला. पॅच १३ एप्रिलचा होता. सवड अवघी १७ दिवसांची.

हा काळ आटत जाण्याचे कारण पॅचच्या स्वरूपातच आहे. कंपनी पॅच प्रसिद्ध करते तेव्हा जुनी फाइल आणि नवी फाइल या दोन्ही हल्लेखोरांसमोर येतात. दोहोंची तुलना केली की नेमके काय बदलले, म्हणजेच त्रुटी कोठे होती, हे कळते. कुलूप बदला असे सांगताना जुन्या कुलपाचा दोषही जाहीर होतो. त्यामुळे पॅच प्रसिद्ध होणे ही सुरक्षिततेची घटना असते, तशीच न घेणाऱ्याच्या दृष्टीने ती धोका वाढल्याची घटना असते. अपडेट पुढे ढकलणारा मनुष्य आपण आहोत तेथेच थांबलो आहोत असे समजतो. प्रत्यक्षात त्याच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

नव्या संगणकाचा प्रश्न याच काळात प्रथम तीव्रतेने पुढे आला. कारखान्यात संगणकावर जी ऑपरेटिंग सिस्टीम भरली जाते, तिची प्रत ठरावीक दिवशी तयार केलेली असते. त्यानंतर यंत्र बांधले जाते, जहाजाने प्रवास करते, गोदामात राहते, दुकानात राहते. ग्राहकाच्या हाती येईपर्यंत काही महिने लोटलेले असतात आणि दरम्यान प्रसिद्ध झालेला एकही पॅच त्यावर नसतो. ऑगस्ट २००३ मध्ये विंडोज एक्सपीचा कोरा संगणक विकत घेऊन ज्यांनी तो इंटरनेटला थेट जोडला, त्यांच्यापैकी कित्येकांना विलक्षण अनुभव आला. पॅच उतरवून घेत असतानाच ब्लास्टर आत शिरला आणि साठ सेकंदांत संगणक बंद होणार असल्याची सूचना पडद्यावर आली. औषध आणण्यासाठी ज्या वाटेने जावयाचे त्याच वाटेवर रोग उभा होता. सॅन्स या संस्थेच्या इंटरनेट निरीक्षण केंद्राने २००४ मध्ये अशा असुरक्षित संगणकाचा सरासरी तग धरण्याचा काळ सुमारे २० मिनिटे असल्याचे नोंदविले.

याला दोन उत्तरे मिळाली. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देण्याची पद्धत सुरू केली. भारतीय वेळेनुसार ते मंगळवारी रात्री उशिरा येतात. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला. त्याने फायरवॉल आपोआप सुरू ठेवली आणि स्वयंचलित अपडेट चालू करण्याचा स्पष्ट आग्रह धरला. 'विचारल्यावर द्यावयाचे' येथून 'विचारावे लागू नये' या दिशेने धोरण वळले ते येथे.

४. महाराष्ट्रातील अडचणी

या घटनांकडे महाराष्ट्रातून पाहिले असता आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. सर्व्हिस पॅक २ चा संपूर्ण संच सुमारे २६६ मेगाबाइटचा होता. त्या काळी अनेक घरांत ५६ किलोबिट वेगाचा मोडेम असे. तो पूर्ण वेगाने चालला असे गृहीत धरले तरी हा संच उतरविण्यास दहा ते अकरा तास लागत. तेवढा वेळ दूरध्वनी अडकून पडे आणि देयक वाढत जाई. मायक्रोसॉफ्टने हा संच सीडीवर विनामूल्य देऊ केला होता. पण ज्याला अपडेटचे महत्त्वच ठाऊक नाही, तो सीडी कशासाठी मागविणार?

दुसरी अडचण भारनियमनाची. त्या दशकाच्या मध्यास राज्याच्या ग्रामीण भागात रोज कित्येक तास वीज नसे. अपडेट बसत असताना वीज गेली तर संगणक सुरूच होणार नाही, ही भीती निराधार नव्हती. तिसरी अडचण परवान्याची. परवाना नसलेल्या प्रती सर्रास वापरल्या जात. जुलै २००५ पासून विंडोजच्या अस्सलपणाची तपासणी सक्तीची झाली. सुरक्षाविषयक अत्यावश्यक पॅच तिच्याविना मिळत असले, तरी 'अपडेट केले की पकडले जाऊ' ही समजूत पसरली आणि संगणक बसवून देणारेच अपडेट बंद करून देऊ लागले.

अपडेट टाळण्याची आपल्याकडील सवय केवळ आळसातून आलेली नाही, हे यावरून स्पष्ट होते. महागडी जोडणी, बेभरवशाची वीज आणि परवान्याची धास्ती या तीन ठोस कारणांतून ती घडली. ती कारणे पुढे बरीचशी निवळली. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, जोडणी स्वस्त व वेगवान झाली, नव्या यंत्रासोबत बहुधा परवानाही येऊ लागला. कारणे गेली, सवय मागे राहिली.

५. नकाराचा अधिकार

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आले आणि त्याबरोबर निर्णयाचा समतोल दुसऱ्या टोकाला गेला. घरगुती आवृत्ती वापरणाऱ्यांना अपडेट नाकारण्याची सोय जवळजवळ उरली नाही. जुन्या आवृत्तीवरून विंडोज १० वर येण्यासाठी पडद्यावर वारंवार सूचना येऊ लागल्या. २०१६ मध्ये तर सूचनेची चौकट कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारून बंद केली, तरी आधी ठरलेला बदल रद्द होत नसे. जगभर फुली म्हणजे नकार, असा संकेत असताना येथे ती संमती मानली गेली. कॅलिफोर्नियातील एका प्रवासव्यावसायिक महिलेने, नको असलेल्या या बदलामुळे आपला संगणक निकामी झाल्याची तक्रार न्यायालयात नेली आणि तिला १०,००० डॉलर भरपाई मिळाली.

सक्तीमागील तर्क समजण्याजोगा होता. ब्लास्टर व सॅसरच्या अनुभवावरून, निर्णय व्यक्तीवर सोडला तर सर्वांनाच धोका होतो, हे सिद्ध झाले होते. लसीकरणाच्या बाबतीत जो युक्तिवाद केला जातो तोच येथेही लागू पडतो. तथापि एक फरक राहतो. येथे त्रुटी दूर करणारे पॅच आणि नवी वैशिष्ट्ये आणणारे मोठे बदल एकाच पुडीत बांधून दिले जात होते. पहिल्याची निकड दाखवून दुसऱ्याची सक्ती केली जात होती.

याची परिणती २ ऑक्टोबर २०१८ रोजी आलेल्या मोठ्या अपडेटमध्ये दिसली. काही वापरकर्त्यांच्या संगणकांवरील कागदपत्रे व छायाचित्रे त्यामुळे नाहीशी झाली. ६ ऑक्टोबर रोजी वितरण थांबविण्यात आले आणि १३ नोव्हेंबरला ते दुरुस्त रूपात पुन्हा सुरू झाले. पुढील वर्षी, मे २०१९ च्या आवृत्तीपासून, घरगुती वापरकर्त्यांनाही सात-सात दिवसांच्या टप्प्यांनी ३५ दिवसांपर्यंत अपडेट लांबविण्याची मुभा मिळाली. हिरावून घेतलेला नकार मर्यादित स्वरूपात परत आला.

सुरक्षा आणि नवलाई यांची फारकत करणे अशक्य नव्हते. लिनक्सच्या परंपरेत ती आधीपासून होती. डेबियनच्या 'स्थिर' आवृत्तीत मुख्यतः दोष व त्रुटींवरील दुरुस्त्याच दिल्या जातात. नवी वैशिष्ट्ये पुढील आवृत्तीसाठी राखली जातात. उबुंटूनेही २००६ मध्ये दीर्घकाळ पाठबळ मिळणारी पहिली आवृत्ती काढून हीच वाट धरली.

६. न्हावा शेवा, जून २०१७

सक्तीविषयीचा हा वाद चालू असतानाच दोन घटना घडल्या. पहिली १२ मे २०१७ ची. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया व भेटीच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. त्यावरील पॅच १४ मार्च रोजी, म्हणजे ५९ दिवस आधी, उपलब्ध झालेला होता.

दुसरी घटना आपल्या अधिक जवळची आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये 'नॉटपेट्या' हा विध्वंसक प्रोग्राम पसरला आणि काही तासांत डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जागतिक जाळ्यात शिरला. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहातील कंपनी एक कंटेनर टर्मिनल चालवीत होती. तेथील संगणकीय कामकाज ठप्प झाले. कोणता कंटेनर कोठे आहे आणि कोणाला द्यावयाचा, हे सांगणारी यंत्रणाच बंद पडली. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. २५ ते ३० कोटी डॉलरच्या दरम्यान नुकसान झाल्याचा अंदाज कंपनीने दिला.

या घटनेत प्रस्तुत विषयाच्या दोन्ही बाजू एकत्र आलेल्या दिसतात. नॉटपेट्याने पसरण्यासाठी वापरलेली एक त्रुटी वॉनाक्रायचीच होती. तिच्यावरील पॅच तीन महिन्यांहून अधिक काळ उपलब्ध होता. अपडेट न केल्याची ही शिक्षा होय. परंतु युक्रेनमध्ये तो प्रथम शिरला तो तेथील एका लोकप्रिय हिशेब-प्रोग्रामच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या प्रोग्रामची अपडेट देणारी यंत्रणाच ताब्यात घेतली होती. म्हणजे ज्यांनी नियमितपणे अपडेट केले त्यांच्याच घरात तो आधी आला. शिवाय तो जाळ्यातील संकेतशब्द चोरून पुढे जात असल्यामुळे पॅच लावलेले संगणकही त्याच्या तावडीतून सुटले नाहीत. अपडेट आवश्यक आहे, परंतु पुरेसे नाही, हे याहून स्पष्टपणे दाखविणारी घटना क्वचितच सापडेल.

एक तपशील आवर्जून नोंदविण्यासारखा आहे. मर्स्कच्या जाळ्याची गुरुकिल्ली म्हणता येईल अशा माहितीच्या सर्व प्रती नष्ट झाल्या होत्या. वाचली ती घाना येथील कार्यालयातील एकच प्रत. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्याने ते यंत्र बंद होते. भारनियमनाला वैतागलेल्या आपल्या पिढीला यातील उपरोध कळेल. परंतु त्यातील बोध योगायोगाचा नाही : जाळ्यापासून तोडून ठेवलेली एखादी प्रत असणे हाच अखेरचा आधार ठरतो.

७. विश्वासाच्या वाटेवरील धोका

२०१७ नंतर अपडेटची वाटच हल्ल्यासाठी वापरली जाण्याचे प्रकार पुढे आले. मार्च २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात आसूस या लॅपटॉपनिर्मात्या कंपनीच्या अपडेट करणाऱ्या साधनातून, कंपनीच्याच अधिकृत डिजिटल स्वाक्षरीसह, दूषित प्रोग्राम वितरित झाल्याचे आढळले. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स या कंपनीच्या जाळे-व्यवस्थापन प्रोग्रामचे दूषित अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांनी उतरविल्याचे स्पष्ट झाले.

कोणाचाही वाईट हेतू नसताना काय घडू शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. परंतु तेवढ्या वेळात जगभरचे विमानतळ, बँका आणि रुग्णालये अडचणीत आली. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. हे ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट नव्हते, ही बाब लक्षात ठेवली पाहिजे. तरीही सर्वांना एकाच क्षणी अपडेट देण्यातील जोखीम त्यातून उघड झाली. ब्रुक्स यांची १९७५ ची शंका पन्नास वर्षांनंतरही जिवंत होती.

८. पाठबळ संपल्यानंतर

निर्णयाचा आणखी एक टप्पा म्हणजे अपडेट येणेच थांबते तो. विंडोज एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. त्यानंतरही देशातील अनेक एटीएम तिच्यावर चालू होती. अखेर रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून पाठबळ असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर जाण्यासाठी बँकांना टप्पे घालून दिले आणि सर्व एटीएमसाठी जून २०१९ ही मुदत ठरविली. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती वापरकर्त्यांना एका वर्षाची वाढीव सुरक्षा-मुदत देऊ करण्यात आली. परंतु विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुविधा नसलेली असंख्य धडधाकट यंत्रे या सीमारेषेबाहेर राहिली. अपडेट नको असलेल्या ग्राहकाइतकाच, अपडेट हवे असूनही न मिळणारा ग्राहकही या इतिहासाचा भाग आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अपडेटविषयीची भीती खोटी नाही, मात्र ती कोणत्या यंत्राविषयीची आहे हे पाहणे आवश्यक आहे. २०१८ मध्ये ज्यांच्या फाइली गेल्या, त्यांच्या संगणकावर फाइली होत्या. १९९९ मध्ये ज्यांचे काम अडले, त्यांचे काम त्या यंत्रावर चालू होते. नव्या लॅपटॉपवर अद्याप गमावण्यासारखे काहीच नसते. अपडेटने बिघाड झालाच, तर तो दुकानदाराच्या आणि हमीच्या मुदतीत उघड होतो.

२) न करण्याचा धोका मात्र नव्या लॅपटॉपवरच अधिक असतो, कारण कारखाना सोडल्यापासूनचे सर्व पॅच त्यावर राहिलेले असतात. २००४ सारखे वीस मिनिटांत बाधित होण्याचे दिवस फायरवॉल आणि घरोघरच्या राउटरमुळे सरले असले, तरी ब्राउझर आणि ई-मेलमधील जोडपत्रे यांच्या वाटेने येणारा धोका कायम आहे.

३) म्हणून नव्या लॅपटॉपपुरता हा निर्णय वाटतो तितका अवघड नाही. आपली कागदपत्रे, छायाचित्रे आणि बँकेचे व्यवहार त्यावर नेण्यापूर्वीच सर्व प्रलंबित अपडेट पूर्ण करावेत. जुन्या यंत्रावरील अनुभवातून आलेली भीती आपण नव्या यंत्रावर लादतो आणि जी वेळ सर्वांत सोयीची असते तीच दवडतो.

४) यंत्र कामात रुळल्यानंतर मात्र फरक करावा. दरमहा येणारे सुरक्षाविषयक पॅच काही दिवसांत घ्यावेत. नवी वैशिष्ट्ये आणणाऱ्या मोठ्या आवृत्त्यांसाठी काही आठवडे थांबण्यात गैर नाही. कोड रेड ते वॉनाक्राय हा अनुभव पहिल्या भागाचे, तर ऑक्टोबर २०१८ चा अनुभव दुसऱ्या भागाचे समर्थन करतो.

५) कोणत्याही मोठ्या अपडेटपूर्वी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत यंत्राबाहेर, जोडणी तोडून ठेवावी. अपडेट केवळ ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या सेटिंगमधून घ्यावे. संकेतस्थळांवर अचानक उमटणाऱ्या 'अपडेट करा' अशा सूचनांवर विश्वास ठेवू नये.

समारोप

अपडेटच्या निर्णयाचा इतिहास हा विश्वास कोणावर ठेवावयाचा याचा इतिहास आहे. सुरुवातीला तो तज्ज्ञावर होता, मग तो सामान्य ग्राहकाच्या अपुऱ्या माहितीवर आला, पुढे कंपनीने तो आपल्याकडे खेचून घेतला आणि काही अंशी परत केला. यातील एकही व्यवस्था निर्दोष ठरली नाही. तथापि बैल गेल्यावर झोपा करण्यात अर्थ नसतो, हे २००१, २००३ आणि २०१७ या वर्षांनी पुनःपुन्हा दाखवून दिले. नव्या लॅपटॉपच्या पडद्यावरील त्या प्रश्नाला उत्तर देताना ग्राहकाने एवढेच ध्यानात घ्यावे की, समोरचे यंत्र त्याच्यासाठी नवे असले तरी त्यातील ऑपरेटिंग सिस्टीम काही महिने जुनी आहे. तिला आजच्या दिवसापर्यंत आणणे हे त्या यंत्रावरील पहिले काम होय. कागदपत्रे त्यानंतर न्यावीत.